आवाज मारणारा

रिकाम्या खोलीच्या मधोमध उभा राहून एक माणूस एकटाच टाळ्या वाजवत होता.

एक टाळी... मग मान तिरकी करून ऐकणं. दोन पावलं सरकून पुन्हा एक टाळी... पुन्हा ऐकणं. मी कार्डांचा लाकडी खण छातीशी धरून दारात उभी होते. शब्दकोशाच्या कचेरीत विक्षिप्त माणसांची वानवा कधीच नव्हती, पण स्वतःच स्वतःला दाद देणारा हा पहिलाच.

"झालं की सांगा," मी म्हटलं. "मला त्या भिंतीतल्या कपाटात हे ठेवायचंय."

तो चांगलाच दचकला.

"तुम्ही — कधी आलात?"

"पाचव्या टाळीला."

"आणि मला ऐकू आलं नाही?" त्याने माझ्या पायांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, मग परत पायांकडे. "अहो, ऐकणं हा माझा धंदा आहे. मांजर आलेलं कळतं मला. पायांना कापूस बांधता की काय?"

"चपला घालते."

"मग चालता कशाने?"

"पायांनीच. सध्या तरी."

तो हसला. असा हसला की खिडकीची तावदानं थरथरली. आणि मी नकळत मागे वळून पाहिलं... कुणाला त्रास तर झाला नाही ना? ती माझी घरची सवय होती.

आमच्या कोशाला त्या वर्षी आवाज मिळणार होता. प्रत्येक शब्दाचा उच्चार ध्वनिमुद्रित करायचं ठरलं होतं आणि त्यासाठी मागची अडगळीची खोली मोकळी केली होती. अडचण एवढीच, की भिंतीपलीकडे पत्र्याचे डबे करणारा कारखाना होता आणि सकाळी नऊपासून तिथे ठोकाठोक चालायची. ती ठोकाठोक आमच्या खोलीत शिरू नये, ही कामगिरी या माणसावर सोपवली होती. खाली उभ्या असलेल्या त्याच्या टेम्पोवर लिहिलं होतं, 'शांतता करून मिळेल.' त्याच्या हाताखालची माणसं त्याला मौनीबुवा म्हणायची, कारण तो क्षणभर गप्प बसायचा नाही. बोलत नसला तर गुणगुणायचा, आणि गुणगुणत नसला तर शीळ घालायचा.

"टाळ्या कशाला पण?" मी विचारलं.

"खोलीत आवाज किती रेंगाळतो ते बघतो. मग मारायचा."

"कुणाला?"

"आवाजाला. आवाज मारायचा... असंच म्हणतो आम्ही."

मी खण खाली ठेवला आणि त्यातलं एक कोरं कार्ड काढलं. "परत सांगा. पूर्ण वाक्यात."

त्याचंही कारण होतं. 'मारणे' या एका क्रियापदाने आमच्या कचेरीचे चार महिने खाल्ले होते. संपादकांनी त्याचे तुकडे करून आम्हा सगळ्यांत वाटले होते. ठार करणे एकाकडे, ठोकणे दुसऱ्याकडे. माझ्या वाट्याला आलेला अर्थ होता, 'जोर कमी करणे, बोथट करणे, बधिर करणे'. त्याची जेमतेम सहा उदाहरणं हाताशी होती. संपादक चष्म्याची काडी चावत म्हणाले होते, "बाई, हा अर्थ पुस्तकांत सापडायचा नाही. हा लोकांच्या तोंडात असतो. लोकांत जा." मी लोकांत जाणाऱ्यांपैकी नव्हते. लोकच टाळ्या वाजवत माझ्याकडे आले होते.

"आवाज दाबणं आणि मारणं, एकच का?" मी लिहिता लिहिता विचारलं.

"छे. दाबलेला आवाज दुसरीकडून फुटतो. पाइपातून, फटीतून. मारलेला तिथंच संपतो. आधी लोकर, मग पोकळी, मग परत लोकर. आत शिरतो बिचारा, आणि बाहेरची वाट सापडत नाही."

"बिचारा?"

"मग काय. मला आवाज आवडतात हो." तो भिंतीवरून हात फिरवत म्हणाला. "पोटासाठी मारतो."

दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी आला तो तळहातावर पेनाने काहीतरी लिहून.

"हे घ्या. आमचे सुतारकाका म्हणतात, फळीच्या कडेची धार मारून घ्या, हाताला लागेल. रंगारी म्हणतो, नव्या रंगाची चमक फार आहे, जरा मारायला हवी. चालेल?"

चालणार होतंच. मी कार्डं केली. तिसऱ्या दिवशी तो दाताच्या डॉक्टरकडून 'नस मारणे' घेऊन आला, तेसुद्धा दात न दुखता.

"म्हणजे नुसतं विचारायला गेलात?"

"गेलो. त्यांनी तपासणीचं शुल्क घेतलं आणि एक दाढ किडलीय म्हणून सांगितलं. तुमच्या कोशापायी माझी नस मरणार."

मी हसले. तोंड मिटून हसले, मला तसंच येत होतं. तो माझ्याकडे बघत राहिला.

"हे काय हसणं झालं? दिसतंय, पण येत नाहीये."

त्या दिवसापासून त्याने मला हळूबाई म्हणायला सुरुवात केली. मी रागवायला हवं होतं... पण सकाळी जिन्यात त्याची शीळ ऐकू आली की माझं पेन थांबायचं. शीळ पहिल्या मजल्यावर, शीळ वळणावर, शीळ दारात. मग ती थांबायची, आणि टेबलावर एक सावली पडायची.

"आज काय आणलंत?"

"भूक मारणे. माझी बहीण दुपारी चहा पिऊन भूक मारते. शिवाय झोप मारणे, आंबटपणा मारणे. आणि..." त्याने आवाज खाली आणला, म्हणजे त्याच्या मानाने. "डोळा मारणे."

"तो या अर्थात बसत नाही."

"मी कुठं बसवतोय? मी आपलं विचारतोय, बसतो का."

"नाही बसत."

"बरं. गप्पा मारणे? फेरी मारणे? संध्याकाळी कचेरी सुटल्यावर, नदीच्या पुलापर्यंत... एक फेरी?"

मी कार्डावर मान घालून काहीतरी खरडत होते. काय खरडत होते ते नंतर पाहिलं, नुसत्याच रेघा होत्या.

"एकच," मी म्हटलं.

त्या फेरीच्या बारा फेऱ्या झाल्या. पुलाच्या कठड्यावर कोपर टेकून तो पाण्याचे, गाड्यांचे, लोखंडाचे आवाज वेगवेगळे करून मला ऐकवायचा. "हा ऐका, तो सांधा. गाडी गेली की कुरकुरतो. म्हातारा झालाय." मीही एक दिवस त्याला एक उदाहरण दिलं.

"मन मारणे."

तो गप्प झाला. पहिल्यांदाच.

"हे कुठं मिळालं?"

"घरी," मी म्हटलं, आणि मग सगळंच सांगितलं.

सहा वर्षांपूर्वी माझा दादा गेला. रस्त्यावर, एका मालट्रकखाली. दादा जिना उतरायचा तेव्हा खालचे लोक घड्याळ लावून घेत, इतका दणदणाट. आई त्या दुपारी भांडी घासत होती, नळ सुरू होता, त्यामुळे बातमी आणणाऱ्यांना दार फार जोरात आणि फार वेळ ठोठावावं लागलं. त्या दिवसापासून आईला आवाज सोसेना. पेला खाली ठेवला तरी तिच्या डोक्यात कळ जायची. कानाचे डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ती नुसती झोपायची, आणि उठली की आवाज तितकेच टोचायचे. वडील तर मी लहान असतानाच गेले होते. उरलो आम्ही दोघी.

मग मीच घरातले आवाज एकेक करून मारले. खुर्च्यांच्या पायांना दादाचे जुने मोजे चढवले. बादलीत आधी फडकं घालायचं, मग नळ सोडायचा. दाराच्या घंटीची तार तोडली, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. शिंक आली की तोंड उशीत. पाय आधी टाचेने नाही, चवड्याने टेकायचा. सगळं करून झाल्यावर एकच आवाज उरला होता, माझा. तोही गेला हळूहळू.

तो कठड्यावरून कोपर काढून माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "मला एकदा घरी न्याल?"

तो रविवारी दुपारी आला. दाराशी बूट काढून, नवेकोरे मोजे घालून, चवड्यांवर. एवढा थोरला माणूस चोरासारखा चालताना पाहून मला गंमत वाटली. आई खाटेवर बसली होती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तिच्या त्या कुजबुजत्या आवाजात म्हणाली,

"मोज्यावरची किमतीची चिठ्ठी तेवढी काढायची राहिली. महागाचे आहेत हे कळलं आम्हाला."

सहा वर्षांत आई पहिल्यांदा काहीतरी गमतीचं बोलली होती. आणि तो हसला... त्याला इलाजच नव्हता. ते त्याचं खोलीभर हसणं. आईचा चेहरा पांढराफटक पडला. ती भिंतीला टेकली, डोळे मिटले, आणि संध्याकाळपर्यंत तिने ते उघडले नाहीत.

त्याने मला जिन्यात गाठलं. "मी गाढव आहे," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

"तुमचा काय दोष?"

"त्यांच्या खिडकीवर पत्रा आहे. पाऊस पडला की काय होत असेल त्यांचं?"

काय व्हायचं ते मला माहीत होतं. पावसाळाभर ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गोधडी डोक्यावरून घेऊन बसायची.

पुढचे तीन रविवार तो येत राहिला. एकही खिळा ठोकला नाही त्याने. सगळं डिंकाने आणि हाताने पिळायच्या स्क्रूंनी. पत्र्यावर त्याने काथ्याची जाड गादी अंथरली, तिच्यावर रबर. खिडकीला दुसरी काच बसवली, दाराच्या कडांना लोकरीची पट्टी. आई खाटेवरून बघत असायची. तिसऱ्या रविवारी तिने मला खूण केली, त्याला चहा दे.

आणि मग पाऊस आला. भरदुपारी, सपासप. मी आईकडे धावले तर ती झोपलेली. खिडकीबाहेर धारा लागल्या होत्या, पन्हाळीतून पाणी कोसळत होतं, आणि खोलीत... काहीच नाही. मी आणि तो स्वयंपाकघरात टेबलाशी समोरासमोर बसलो. बोलायची चोरी होती, म्हणून मी पर्समधली कोरी कार्डं काढली. त्याने एक ओढून घेतलं.

'मी इथे येऊन राहू?'

मी वाचलं. पुन्हा वाचलं. खाली लिहिलं, 'एक दिवस टिकणार नाही तुम्ही.'

'आवाज मारणं हा माझा धंदा आहे. माझाही मारीन.'

'बघू.'

'बघू म्हणजे हो?'

'बघू म्हणजे बघू.'

त्याने ते कार्ड माझ्यासमोर उलटं ठेवलं आणि पेन माझ्या हातात दिलं. त्याची बोटं माझ्या बोटांवर तशीच राहिली. मी पेन डाव्या हातात घेतलं आणि वेडंवाकडं, एकच अक्षर लिहिलं.

'हो.'

ते चार महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले महिने होते, असं मला तेव्हा वाटत होतं. लग्न नोंदवायला थोडा अवधी होता. त्याच्या बहिणीचं बाळंतपण आटोपायचं होतं. तोवर तो रोज संध्याकाळी घरी यायचा. चवड्यांवर चालायचा. पेला कसा टेकवायचा, कपाट कसं उघडायचं, खोकला कसा गिळायचा, सगळं तो माझ्याकडून शिकला. आई त्याला शेजारी बसवून घ्यायची. त्याला बोटींवरचं काम सांगून आलं होतं. मोठ्या जहाजांत इंजिनाचा आवाज खलाशांच्या खोल्यांपर्यंत पोचू नये म्हणून करायचं काम, तीन वर्षांचं. तेही त्याने नाकारलं. "मला घरचंच काम पुष्कळ आहे," तो म्हणाला, आणि मी सुखावले.

कचेरीच्या जिन्यात शीळ ऐकू येईनाशी झाली, हे माझ्या लक्षातच आलं नाही. एक दिवस तो माझ्या टेबलाशी येऊन उभा होता, आणि मला कळलं नव्हतं.

"कधी आलात?"

"झाला थोडा वेळ," तो म्हणाला. हळूच.

मला त्या दिवशी गंमत वाटली. खरंच, गंमत वाटली.

मग ती सकाळ. सुतारकाका दवाखान्यात आहेत असा निरोप आला आणि मी धावत गेले. त्यांच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज होतं. एका सभागृहाचं काम चाललं होतं; परांचीवरची लांब फळी सुटली आणि खाली काम करत असलेल्या काकांच्या हातावर आली. तीन बोटं चिरडली. पुन्हा रंधा धरता येईल की नाही, डॉक्टर सांगत नव्हते.

तो बाहेर बाकावर बसला होता. मी शेजारी बसले.

"मी बघत होतो," तो म्हणाला. "फळी सुटताना मीच बघत होतो. हाक मारायची होती फक्त. काका, एवढंच. तोंड उघडलं मी... आणि आधी मनात आलं, हळू." त्याने स्वतःच्या गळ्याला हात लावला. "तेवढ्यात पडली."

काकांना भेटायला आत गेले तर ते माझ्यावर रागावलेले नव्हते, तेच जास्त वाईट होतं.

"पोरी," ते म्हणाले, "चूक कुणाचीच नाही. पण एक सांगू? हा हल्ली गुणगुणत नाही. आम्ही त्याला मौनीबुवा म्हणायचो ना, ते गंमत म्हणून म्हणायचो. आता पोरं म्हणतात आणि कुणाला हसू येत नाही."

मी त्या दिवशी घरी पायी गेले. रस्ताभर त्याची शीळ आठवून बघत होते. चाल आठवत होती, सूर आठवत नव्हता. माझ्या घराने दादा गेल्यावर मला गिळलं, ते समजण्यासारखं होतं, मी त्याच घरची. पण हा माणूस हसत आला होता. याला मी हाताने, प्रेमाने, एकेक करून... मला कार्डांवरचं माझंच अक्षर दिसत होतं. जोर कमी करणे. बोथट करणे. बधिर करणे.

मी त्याला दुसऱ्या आठवड्यात ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बोलावलं. दुपारची वेळ होती, बाहेर सगळे जेवत होते. त्याने केलेली खोली. दार लावलं की तिथे स्वतःचा आवंढाही ऐकू येतो.

"बोटीचं काम अजून आहे का?" मी विचारलं.

"का?"

"घ्या ते."

"आणि आपलं?"

"आपलं नको."

तो समजुतीने म्हणाला, "काकांच्या हाताचं मनाला लावून घेतलंस तू. ती माझी चूक होती. मी सांभाळीन. घरी हळू, बाहेर मोठ्याने... शिकेन की." तो मला पहिल्यांदाच 'तू' म्हणत होता, आणि त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

खरं सांगितलं असतं तर तो गेला नसता. 'तुम्ही विझत चाललात' असं म्हटलं असतं, तर तो म्हणाला असता, चालेल मला. तो तसाच होता. म्हणून मी त्याच्यापाशी उत्तर नसेल असं काहीतरी शोधलं.

"आईला सोसत नाही तुमचं येणं," मी म्हटलं. "तिनेच सांगितलं. तुम्ही येऊन गेलात की तिला दोन दिवस भोवतं."

त्याचा चेहरा... मी भिंतीवरच्या लोकरीकडे बघत होते, म्हणून मला पूर्ण दिसला नाही.

"एवढा हळू झालो होतो मी," तो म्हणाला.

"पुरेसं नाही."

"आईने सांगितलं म्हटल्यावर मी काय बोलणार?" तो उठला. दाराशी थांबला. "तुला एकदा मोठ्याने हसताना बघायचं होतं. राहून गेलं."

"मला तुम्ही..." मी म्हटलं. आवडता, असं पुढे होतं. ओठ हलले असावेत. पण दार उघडलं होतं आणि पलीकडे डब्यांची ठोकाठोक सुरू झाली होती.

त्याने विचारलं नाही, काय म्हणालीस म्हणून. त्याला ऐकूच गेलं नसेल.

'मारणे' पुरा झाला. माझ्या अर्थाखाली एकतीस उदाहरणं भरली. संपादकांनी चष्मा पुसत "उत्तम" म्हटलं, जे ते वर्षातून एकदा म्हणत. मला आनंद व्हायला हवा होता. पण फार वेळ उपाशी राहिलं की भूक मरते, तसं काहीतरी झालं होतं. मी कचेरीत जायची, यायची, बादलीत फडकं घालून नळ सोडायची. पावसाळा आला आणि बिनआवाजाचा गेला.

आईने वर्षभर काही विचारलं नाही. मी तिला सांगितलं होतं, तो बोटीवर कामाला गेलाय, मोठं काम आहे. मग एका दुपारी मी तिच्या केसांची गुंतवळ सोडवत होते, तेव्हा ती म्हणाली,

"त्याचं पत्र नाही, फोन नाही. भांडलात?"

"नाही."

"मग?"

कंगवा तसाच धरून मी उभी राहिले. खोटं बोलायचंही बळ लागतं, ते संपलं होतं माझं. "मीच नको म्हटलं. तुला त्याचा त्रास होतो, असं सांगितलं त्याला."

आई वळली. तिच्या कुजबुजण्यातही राग मावत नव्हता.

"माझ्या नावावर खपवलंस?"

"आई, तो आपल्यासारखा होत चालला होता."

ती स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाली, "तो पहिल्या दिवशी हसला होता ना... लागलं मला. फार लागलं. पण दादा गेल्यावर माझ्या बोलण्यावर कुणीतरी हसलं होतं गं. मी वाट बघायचे, परत केव्हा हसतो. काहीबाही बोलायचे मुद्दाम. तो नुसता मान हलवायचा. मला वाटलं, माझ्या गमतीच बेचव झाल्या."

मी खाली बसले. तिच्या खाटेपाशी, जमिनीवर.

"लाव फोन," आई म्हणाली.

"आई..."

"लाव म्हणते ना."

मी नंबर लावला. सात वेळा वाजला आणि उचलला गेला, आणि इंजिनाचा असा गडगडाट कानात आला की मी फोन लांब धरला. त्या गडगडाटात कुणीतरी काहीतरी ओरडलं आणि तो हसला. तोच. सगळा. तावदानं थरथरवणारा. माझ्याशी नाही, तिथल्या कुणाशी तरी. मग जवळून त्याचा आवाज आला, मोकळा, दणदणीत.

"बोला."

"मी आहे," मी म्हटलं.

"कोण? ऐकू येत नाही हो. मोठ्याने बोला."

"मी... मी आहे."

"काहीच येत नाहीये. नंतर करा." आणि फोन बंद.

"काय म्हणाला?" आईने विचारलं.

"ऐकू गेलं नाही त्याला."

"मग हळू कशाला बोलतेस? मोठ्याने बोल की." तिने पाय खाटेवर घेतले, पाठ भिंतीला टेकवली. दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबून धरले आणि डोळे मिटले. "हं. लाव परत. मी धरलेत कान. किती ओरडायचंय ते ओरड."

मी परत लावला. लागला नाही. पुन्हा लावला. त्या पलीकडच्या बाईचा सराईत आवाज सांगत होता, संपर्क होऊ शकत नाही. चौथ्यांदाही तेच. पाचव्यांदाही.

आई तशीच बसली होती. कपाळावर आठ्या, ओठ आवळलेले, अंग ताठ, माझ्या ओरडण्याची वाट बघत. तिच्या कानशिलांवरच्या शिरा फुगल्या होत्या. तिला हाक मारून सांगता येत नव्हतं.

मी फोन खाली ठेवला आणि तिची मनगटं धरून हळूच खाली घेतली.

तिने डोळे उघडले. "बोललीस?"

तिच्याकडे बघवेना.

"हो," मी म्हटलं.

"ऐकलं त्याने?"

"ऐकलं."

आईने सुस्कारा सोडला. माझ्या गालावरून हात फिरवला. "मला काहीच ऐकू आलं नाही बघ," ती म्हणाली. "इतकी घाबरले होते, पण काहीच नाही."

"तू कान धरले होतेस ना," मी म्हटलं, आणि तिची वेणी घालायला घेतली.